टपाल पाखडून घ्या



आज या सदरात एका चुकीविषयी लिहायचे आहे. चूक माझी आहे, पण तिची किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजली. तशी वेळ आणखी कुणावर येऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षीच्या वर्षावासातली गोष्ट. कर्जतजवळच्या आमच्या वस्तीत, विहारात रोज रात्री धम्मग्रंथाचे वाचन चालू होते. एके दिवशी वाचन आटोपून मंडळी उठली, तशी एक माउली मुलाला घेऊन माझ्याजवळ आली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. म्हणाली, "दादा, ह्याला रेल्वेत नोकरी लागली. उद्या साडेचार हजार भरायचे आहेत. बचत गटातून उचललेत. तुम्ही एकदा कागद वाचून बघा."

मुलगा आयटीआय झालेला. खोपोलीकडे एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो. रोज पहाटे कर्जत-खोपोली लोकल पकडतो, सुटला की परत येऊन अभ्यासाला बसतो. त्याने मोबाईलवर ई-मेल दाखवला. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, हिरव्या शाईची सही, आणि मधे मजकूर : आपली निवड झाली असून वर्दी, ओळखपत्र व वैद्यकीय तपासणी यांची अनामत रक्कम ४,५०० रुपये दोन दिवसांत भरावी, ती पहिल्या पगारात परत मिळेल.

मी पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवले. नाव 'रेल्वे भरती मंडळ' असे दिसत होते, पण नावामागचा पत्ता कुणीही पाच मिनिटांत फुकट उघडावा असला साधा होता. मी मुलाला विचारले, "बाळा, तू अर्ज केलास, पण परीक्षा दिलीस का?" तो म्हणाला, "नाही काका, परीक्षेची तारीख अजून यायची आहे." मग परीक्षेआधी नेमणूक कशी होईल? माउलीच्या तेव्हा ते ध्यानात आले. बचत गटाचे पैसे वाचले.

इथपर्यंत सर्व ठीक झाले. चूक पुढे घडली.

मुलगा चिडला होता. म्हणाला, "काका, असले मेल येऊच नयेत असे काही करता येते का?" माझी वीस वर्षे कारकुनीत गेली, संगणकावर हात चालतो. मी ऐटीत म्हणालो, "येते की!" दुसऱ्या दिवशी त्याला बसवून मी त्याच्या मेलखात्यात फिल्टर लावून दिला. ज्या पत्रात 'रेल्वे', 'भरती' किंवा 'फी' हे इंग्रजी शब्द असतील ते पत्र आल्याबरोबर केराच्या टोपलीत जावे, असा हुकूम त्यात होता. कटकट गेली म्हणून दोघेही खूश झालो.

काही महिने गेले. एका पहाटे लोकलमध्ये पळसधरी सुटल्यावर त्याच्या मित्राने सहज विचारले, "तुझा पेपर कसा गेला रे?" ह्याला पेपर झाल्याचेच ठाऊक नव्हते. मित्राच्या मोबाईलमध्ये परीक्षेचे शहर आणि तारीख कळवणारा खरा मेल होता. ह्याच्याकडे आलेले तसेच पत्र माझ्या फिल्टरने न वाचता फेकून दिले होते. टोपलीत पाहिले तर तीस दिवस उलटून तीही रिकामी झालेली. संकेतस्थळावर नजर ठेवायला हवी होती हे खरे. पण दिवसभर मशीनपाशी उभा राहणारा मुलगा मेलवरच विसंबतो, हेही तितकेच खरे.

माउली मला भेटली तेव्हा रागावली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, साडेचार हजार वाचले, पण पोराचं वरीस गेलं."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून मी या विषयाचा नीट अभ्यास केला. तो आज आपल्यापुढे मांडतो.

फिल्टर म्हणजे काय?

सरकारी कचेरीत आवक-जावक शाखा असते. तिला बारनिशी म्हणतात. सकाळी टपालाचा गठ्ठा येतो. आवक कारकून पाकिटे फोडतो, कुठले पत्र साहेबांच्या टेबलावर, कुठले शाखेकडे आणि कुठली जाहिरात रद्दीत, हे ठरवतो. फिल्टर म्हणजे आपल्या मेलखात्यातला हा आवक कारकून होय. तो पगार मागत नाही आणि रात्रंदिवस काम करतो. पण त्याला स्वतःची अक्कल नाही. आपण जसा हुकूम लिहून देऊ तसा तो अक्षरशः पाळतो. हुकूम वेडावाकडा असला, तर तो साहेबाचे बदलीपत्रसुद्धा रद्दीत टाकील. मी नेमका असाच हुकूम लिहून दिला होता.

नको असलेल्या मेलचा उपद्रव जुना आहे. मे १९७८ मध्ये अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या मालाची जाहिरात एकदम सुमारे ४०० जणांना पाठवली. ती पहिली स्पॅम समजली जाते. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. पुढे पत्रांचा इतका भडिमार झाला की हाताने निवडणे अशक्य झाले. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने एक युक्ती मांडली. चांगल्या पत्रांत कुठले शब्द किती वेळा येतात आणि फसव्या पत्रांत किती, याची मोजणी संगणकाने स्वतः करावी आणि त्यावरून नव्या पत्राची पारख करावी, अशी ती युक्ती. आज मोठ्या मेलसेवा याहून पुष्कळ पुढे गेल्या आहेत, आणि बहुतेक कचरा त्या आपण काही न करता 'स्पॅम' या कप्प्यात टाकतात. तरी काही फसवी पत्रे निसटून आत येतात, आणि काही खरी पत्रे चुकून स्पॅममध्ये जातात. यातली दुसरी गोष्ट आपण विसरतो.

दाणा, फोल आणि कणी

आपल्या कर्जत-खालापूरच्या बायाबापड्यांना हे शिकवायला नको. भात कांडून आले की आई सूप घेऊन बसते. फोलकट उडून जाते, दाणा सुपात राहतो, आणि कणी ती वेगळी काढते. कणी कुणी फेकत नाही, ती पेजेला ठेवतात. मेलचेही असेच तीन ढीग करावेत. मी सगळेच सूप उकिरड्यावर उपडे केले होते.

पहिला ढीग दाण्याचा. आधी खरी पत्रे सुरक्षित करावीत, अडवण्याचे काम त्यानंतर. जीमेलमध्ये त्याची कृती अशी :

१. हे काम संगणकावर करावे. मोबाईलच्या जीमेल ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, मात्र संगणकावर बनवलेला फिल्टर मोबाईलवर येणाऱ्या मेललाही लागू होतो. घरी संगणक नसेल तर कॉलेजमध्ये किंवा ओळखीच्या माणसाकडे करावे. सायबर कॅफेत केले तर उठताना खाते बंद करून मगच उठावे.

२. पूर्वी आलेले एखादे खरे पत्र उघडावे. उदाहरणार्थ, आपण स्वतः अर्ज भरला तेव्हा त्याची पोच म्हणून आलेला मेल, किंवा कॉलेजचा मेल. पत्राच्या वरच्या तीन टिंबांवर टिचकी मारली की यादी उघडते. तीत 'फिल्टर मेसेजेस लाइक धिस' असे लिहिलेले असते, ते निवडावे.

३. एक चौकट उघडते. 'फ्रॉम' या ओळीत पाठवणाऱ्याचा पत्ता आपोआप आलेला असतो. तो अक्षर न् अक्षर तपासावा आणि 'क्रिएट फिल्टर' दाबावे.

४. आता हुकुमांची यादी येते. त्यात 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' आणि 'स्टार इट' यांपुढे खूण करावी. 'अप्लाय द लेबल' मध्ये 'महत्त्वाचे' असे नाव द्यावे. पुन्हा 'क्रिएट फिल्टर' दाबले की काम झाले.

शिष्यवृत्तीचे महाडीबीटी, पुण्याची बार्टी संस्था, भरती मंडळ, कॉलेज आणि आपली बँक यांच्याकडून मेल येत असतील, तर त्या प्रत्येकासाठी असा एकेक फिल्टर करावा. एका बैठकीत होणारे काम आहे.

दुसरा ढीग फोलाचा. एकच पत्ता पुन्हापुन्हा लॉटरी, कर्ज किंवा घरबसल्या कमाईचे आमिष पाठवत असेल, तर ते पत्र उघडून त्याच तीन टिंबांतून 'ब्लॉक' करावे. हे मोबाईलवरही होते. त्या पत्त्याची पुढची पत्रे स्पॅममध्ये जातात. 'रिपोर्ट स्पॅम' दाबले तर मेलसेवेलाही ते कळते आणि इतरांचाही फायदा होतो. फसव्या पत्राला 'मला पुन्हा पाठवू नका' असे उत्तर मात्र लिहू नये. उत्तर गेले की या पत्त्यावर जिवंत माणूस आहे, हे चोराला समजते.

तिसरा ढीग कणीचा. 'लॉटरी', 'अनामत', 'प्रोसेसिंग फी' यांसारख्या शब्दांसाठी फिल्टर लावायचा असेल तर खुशाल लावा, पण 'डिलीट इट' पुढे खूण करू नका. त्याऐवजी 'स्किप द इनबॉक्स' निवडा आणि 'तपासा' असे लेबल द्या. ती पत्रे समोर नाचणार नाहीत, पण नष्टही होणार नाहीत. रविवारी वंदनेला जाण्यापूर्वी पाच मिनिटे काढून 'तपासा' आणि 'स्पॅम' हे दोन्ही कप्पे चाळावेत. स्पॅममधली पत्रे तीस दिवसांनी आपोआप कायमची जातात, म्हणून आठवड्याची सवय बरी. लावलेले सर्व फिल्टर सेटिंगमधील 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' या पानावर दिसतात. चुकलेला हुकूम तिथे बदलता किंवा काढता येतो.

चाळणीच्या पलीकडे

तरीही एखादे पत्र निसटून पुढ्यात येणारच. अशा वेळी आपली बुद्धी हीच शेवटची चाळण. केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले की, येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच खरे म्हणतो, तेव्हा आम्ही कुणाचे मानावे? तथागतांनी त्यांना ऐकीव गोष्टीवर वा बोलणाऱ्याच्या मोठेपणावर न विसंबता स्वतः पारखून घ्यायला शिकवले. अशोकस्तंभाचे चित्र छापलेला मेल पाहून जो दबून जातो, त्याने ही शिकवण आठवावी. चित्र कुणालाही चिकटवता येते.

पारखायचे कसे? पत्ता उजवीकडून वाचायला शिका. सरकारी पत्त्याच्या अगदी शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असते. हीच अक्षरे मधे घालून शेवटी भलतेच काही जोडलेले असेल तर तो सापळा समजावा. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत देऊन सर्व बँकांना आपली संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या शेपटीखाली आणण्यास सांगितले. एसएमएसमध्येही २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या सांकेतिक नावापुढे एक इंग्रजी अक्षर येते. जाहिरातीला 'पी', सेवेच्या संदेशाला 'एस', व्यवहाराला 'टी' आणि सरकारी संदेशाला 'जी'. सरकारच्या नावाचा संदेश साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला, तर तिथेच थांबावे.

पत्तासुद्धा कधी कधी बनावट दाखवता येतो. म्हणून एक नियम घरातल्या सर्वांनी पाठ करावा : मेलमधल्या दुव्यावर टिचकी मारून पैसे भरायचे नाहीत, पासवर्ड द्यायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही. 'महत्त्वाचे' लेबलाखाली आलेल्या पत्रालाही हाच नियम. संकेतस्थळाचे नाव स्वतः टाईप करून उघडावे आणि तिथे खातरजमा करावी.

रेल्वे भरतीत अर्ज भरताना परीक्षा फी असते. २०२४ च्या भरतीच्या जाहिरातींत अनुसूचित जातीच्या उमेदवारांना ती २५० रुपये होती, आणि परीक्षेला बसणाऱ्याला बँकेचा आकार वजा करून परत मिळण्याची तरतूद होती. मेलवरून नेमणुकीसाठी अनामत मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. शिष्यवृत्तीसाठीही 'प्रोसेसिंग फी' नसते. पोलीस किंवा सीबीआय यांच्या नावाने 'तुमच्यावर गुन्हा दाखल आहे, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असे पत्र आले, तर घाबरू नका. मेलवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही.

नोकरीच्या नावाने असले मेल पाठवण्याचा प्रकार नवा नाही. नॅसकॉम या संगणक-उद्योगाच्या संघटनेच्या नावाने बनावट मेल पाठवून नोकरी शोधणाऱ्यांची माहिती गोळा केल्याचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. मार्च २००५ मध्ये न्यायालयाने हे कृत्य बेकायदा ठरवले आणि त्यात १६ लाख रुपयांची भरपाई ठरली. आज माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-डी नुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

फसलात तर गप्प बसू नका

आपल्या वस्त्यांमध्ये फसलेला माणूस तोंड उघडत नाही. लोक हसतील, घरात भांडण होईल, 'शिकलेला असून फसला' असे बोलतील, ही भीती असते. चोराचा खरा साथीदार ही लाजच आहे. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३०, म्हणजे एक-नऊ-तीन-शून्य, या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. त्याबरोबर आपल्या बँकेलाही कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले की, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतरच्या व्यवहाराचे नुकसान बँकेचे. म्हणजे लाजेपोटी घालवलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

घरातल्या मोठ्यांना एक विनंती. मुलगा किंवा सून फसली तर आधी फोन लावा, बोलायचे ते नंतर बोला. आणि शक्य तर बोलूच नका.

बांधवांनो, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि त्यांनी ती झगडून मिळवली. पुढे कित्येक पिढ्या त्या पैशावर शिकल्या. आज शिष्यवृत्तीचे, परीक्षेचे आणि नोकरीचे पत्र पोस्टमन आणत नाही, ते मेलमध्ये येते. ते पत्र चोराच्या गर्दीत हरवले काय किंवा आपल्याच चुकीच्या फिल्टरने फेकले काय, नुकसान सारखेच. ज्याच्या घरी दुसरी संधी विकत घ्यायला पैसे नाहीत, त्याला एक पत्र चुकणे परवडत नाही.

म्हणून आमच्या विहारात आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर एक तास ठेवला आहे. एक जुना लॅपटॉप आहे. कॉलेजची दोन मुले आणि मी बसतो. ज्याला हवे त्याने आपला मोबाईल घेऊन यावे, पासवर्ड स्वतःच्या हाताने घालावा, आम्ही फक्त शेजारी बसून वाट दाखवतो. आपल्या गावच्या विहारातही असा तास सुरू करता येईल. खर्च काही नाही, एक जाणती मुलगी किंवा मुलगा पुरे.

आणि तो आयटीआयचा मुलगा? त्याने पुन्हा अर्ज भरला आहे. फीही त्याने स्वतः संकेतस्थळ उघडून भरली. त्याचा जुना फिल्टर आम्ही दोघांनी मिळून काढला आणि दाणा-फोल-कणीचे तीन नवे लावले. रविवारी तो माझ्याआधी येऊन लॅपटॉप उघडून बसतो, आणि म्हाताऱ्या उपासकांना मोठ्या आवाजात सांगतो, "बाबा, डिलीट नका करू, आधी बघा!"

जयभीम! नमो बुद्धाय!